वर्षअखेरीच्या धावपळीत टीमचा हुरूप कसा टिकवावा

कुणाचं आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं, कुणाचं 30 जूनला, कुणाचं 31 डिसेंबरला. तारीख कोणतीही असो, शेवटच्या तीन आठवड्यांत ऑफिसात तीच घाई असते. अडकलेली बिलं, न जुळणारी खाती, हाताशी येऊन निसटणारं टार्गेट. अशा वेळी भाषणं देऊन कुणाला उभारी येत नाही. आपलं काम पुढे सरकतंय हे डोळ्यांना दिसलं, की येते.

पहिली पायरी: वजाबाकी करा. टीमला एकत्र बसवून राहिलेल्या कामांची यादी काढा आणि प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न विचारा, हे वर्ष संपायच्या आत झालंच पाहिजे का? खात्यांचा मेळ, स्टॉकची मोजणी, येणी-देणी, राहिलेल्या खर्चाच्या तरतुदी यांना पर्याय नाही. पण नेहमीचे आढावे, ट्रेनिंग, नव्या सिस्टीमची चर्चा हे सगळं बिनधास्त पुढे ढकला. दोन मीटिंगा रद्द झाल्या की लोकांच्या चेहऱ्यावर जो फरक दिसतो, तो कुठल्याही प्रेरणादायी मेलने येत नाही.

दुसरी पायरी: आतली मुदत खऱ्या मुदतीच्या तीन-चार दिवस आधीची ठेवा आणि ती सगळ्यांना आधीच सांगा. इतर विभागांकडून बिलं वेळेत मागवणं हे तुमचं काम आहे, ज्युनिअरचं नाही. त्याच्या फोनला जे दाद देत नाहीत, ते तुमच्या फोनला देतात.

तिसरी पायरी: प्रगती भिंतीवर आणा. मानसशास्त्रज्ञ टेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर यांनी 7 कंपन्यांतल्या 238 जणांच्या रोजच्या कामाच्या जवळपास 12,000 नोंदी अभ्यासल्या. माणसाचा दिवस चांगला जाण्यामागे सर्वांत मोठा वाटा अर्थपूर्ण कामात पुढे सरकल्याचा होता, ते पाऊल लहान असलं तरी. म्हणून ‘क्लोजिंग’, म्हणजे वर्षाचे हिशेब बंद करणं, असं एकच मोठं काम लिहू नका. त्याचे चाळीस तुकडे करा, फळ्यावर मांडा आणि झालेला तुकडा ज्याने केला त्यालाच खोडू द्या.

चौथी पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच घाईत राहून जाते. कौतुक करा, पण नेमकं. ‘छान काम केलंत सगळ्यांनी’ हे वाक्य कुणाचंच नसतं. एकदा आमच्याकडे बँकेच्या खात्याचा मेळ बसेना, फरक होता फक्त 27 चा. सगळे मोठ्या रकमा तपासत होते. नव्याने आलेल्या एका मुलीने 27 ला 9 ने भागून पाहिलं, पूर्ण भाग गेला. शेजारचे दोन आकडे उलटे पडले की येणाऱ्या फरकाला नेहमी 9 ने पूर्ण भाग जातो, म्हणजे इथेही कुठेतरी तसंच झालं असण्याची शक्यता मोठी. अर्ध्या तासात तिने 4,563 च्या जागी लिहिलेले 4,536 शोधून काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने हे कसं केलं ते मी सर्वांसमोर तिलाच सांगायला लावलं. त्यानंतर फरक आला की लोक आधी तिच्या टेबलाकडे जायचे. कुणी काय केलं आणि त्यामुळे कुणाचं काय वाचलं, एवढं दोन वाक्यांत सांगा. त्यासाठी रोज संध्याकाळी एक नोंद लिहून ठेवा, नाहीतर जे मोठ्याने बोलतात त्यांचंच कौतुक होत राहतं.

टार्गेट गाठता येणार नसेल तर लपवू नका. टीमला ते आकड्यांवरून आधीच कळलेलं असतं. हातात काय आहे, कुठल्या ऑर्डर अजून पूर्ण होऊ शकतात, ते स्पष्ट सांगा. पुढच्या वर्षाची विक्री ओढून या वर्षात दाखवायला कुणालाही सुचवू नका, आडून तर मुळीच नाही. प्रामाणिक माणूस त्या एका वाक्याने कायमचा दुरावतो.

उशिरा थांबावं लागणारच असेल तर आळीपाळीने थांबवा आणि बदली सुट्टीची तारीख त्याच दिवशी कॅलेंडरवर टाका. ‘नंतर बघू’ म्हटलेली सुट्टी कधीच येत नाही.

हिशेब बंद झाल्यावर आठवडाभरात पुन्हा एकत्र बसा. या वेळी आकडे नकोत. कोण कशासाठी, कुणामुळे थांबून राहिलं, एवढंच विचारा आणि लिहून घ्या. नव्या वर्षाच्या पहिल्याच महिन्यात त्यातले दोन अडथळे काढा, आणि ज्याने ते सांगितले होते त्याच्या टेबलापाशी जाऊन ते दूर झाल्याचं सांगा.