लेझर क्लॅडिंग हाताने की ऑटोमॅटिक? या चुका टाळा

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा एमआयडीसीत हल्ली बऱ्याच शॉपमध्ये हँडहेल्ड लेझर मशीन दिसतं. पत्र्याच्या वेल्डिंगला ते उत्तम आहे. घोटाळा होतो तो घासलेल्या शाफ्टवर लेझरने धातूचा थर चढवायला, म्हणजेच क्लॅडिंगलाही, तेच उचललं की.

साखर कारखान्यातल्या शाफ्टची बेअरिंग सीट, म्हणजे बेअरिंग बसते ती जागा घ्या. जॉब फिरतोय आणि तुम्ही हाताने एकेक पास (थराचा पट्टा) मारताय. हात कितीही कसलेला असला तरी वेग कमी-जास्त होतोच. वेग मंदावला की खालचं लोखंड जास्त वितळून थरात मिसळतं. हे डायल्युशन चांगल्या क्लॅडिंगमध्ये साधारण 10 टक्क्यांच्या आत हवं. वाढलं की महागड्या मिश्रधातूचा कडकपणा वाया गेला. वेग वाढला तर थर नीट धरत नाही आणि ग्राइंडिंगला त्याची खपली निघते. म्हणून अख्खा घेर, लांब सीट, एकसारखी जाडी असलं काम धातूची पावडर सोडत थर चढवणाऱ्या रोबोटला किंवा सीएनसीलाच द्या.

उलटी चूकही तेवढीच महागात पडते. मोल्डच्या पार्टिंग लाईनवरचा (साच्याचे दोन भाग जुळतात त्या कडेवरचा) टवका भरायला रोबोटचा प्रोग्रॅम कशाला? तिथे मायक्रोस्कोपखाली पल्स लेझर (थांबून थांबून झोत मारणारा), 0.3–0.4 मिमीची वायर आणि जाणता माणूस हवा.

ऑटोमॅटिकवर गेलं म्हणजे निश्चिंत, असंही नाही. दोन पासमधला ओव्हरलॅप 30 ते 50 टक्के नसेल तर मधे खोबणी राहते आणि मशीनिंगनंतर काळी रेघ उघडी पडते. थरात बारीक छिद्रं दिसली की लोक आधी पॉवर वाढवतात. आधी तेल आणि गंज नीट निघालाय का, थराला हवेपासून वाचवणारा आर्गॉन वायू पुरतोय का ते बघा. पावसाळ्यात उघडी राहिलेली पावडर ओल धरते. ती वाळवल्याशिवाय वापरूच नका.

ईएन-24 सारख्या कडक होणाऱ्या मिश्र स्टीलवर तडे जात असतील तर दोष बहुतेक वेळा लेझरचा नसतो. थर पटकन गार झाला की ते जातात. म्हणून आधी जॉब 200–300 अंशांपर्यंत तापवून घ्या, नंतर सावकाश निवू द्या. ग्राइंडिंगनंतर डीपी टेस्ट (रंगीत द्रव लावून तडे शोधणं) केल्याशिवाय माल पाठवू नका.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे लेझरला पाण्याने थंड ठेवणारा चिलर. बोअरचं जड पाणी त्यात कधीच घालू नका, क्षार बसतात. डिस्टिल्ड किंवा डीआय (क्षार काढलेलं) पाणीच हवं. मे महिन्यात 42 अंशांच्या उन्हाळ्यात चिलरच्या पाण्याचं टेम्परेचर फार खाली ठेवायची सवय लागते आणि जूनच्या दमट हवेत त्याच सेटिंगवर लेन्सवर दव धरतं. बीम सुरू झाला की लेन्स जळालीच समजा.

चष्म्याच्या बाबतीत तडजोड करूच नका. हँडहेल्ड लेझरचा हा 1070–1080 नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण चकाकत्या जॉबवरून उडालेला किरणसुद्धा दृष्टी कायमची घालवू शकतो. वेल्डिंगची काळी काच इथे चालत नाही. त्याच तरंगलांबीचा, किमान ओडी 6 चा (ओडी म्हणजे प्रकाश अडवण्याची क्षमता) चष्मा ऑपरेटरला द्या आणि बाजूला वायर धरून उभ्या असलेल्या हेल्परलाही.