पक्ष्यांची नावं लिहिता-बोलताना या चुका टाळा

'स्थलांतरित पक्षांचे आगमन'. दर हिवाळ्यात हा मथळा कुठे ना कुठे दिसतोच, आणि दर वेळी तितकीच चीड येते. पक्षांचे म्हणजे राजकीय पक्षांचे. पंख असलेल्यांसाठी मराठीत 'पक्ष्यांचे' लिहितात. एकवचनातही 'पक्षाचं घरटं' नव्हे, 'पक्ष्याचं घरटं'. समासात मात्र 'क्षी'ची 'क्षि' होते: पक्षिमित्र, पक्षिगणना, पक्षिनिरीक्षण. पक्षितज्ज्ञ लिहिताना 'ज्ञ'आधी अर्धा ज हवा. ज्या विषयाचं वेड आहे असं आपण सांगतो, त्याचं नाव तरी नीट लिहावं, एवढीच अपेक्षा आहे.

यानंतरचा मोठा घोळ अर्ध्या अक्षराचा. खंडया, हळदया, वटवटया, लालबुडया. मोबाइलवर घाईत टाइप करताना पाय मोडायचा राहतो आणि खंड्याचा 'खंड-या' होतो. वाचणाऱ्याला अर्थ कळतो, त्यात काय एवढं, असं नवखे मला सांगतात. पण जुन्या नोंदींमध्ये 'खंड्या' शोधला की 'खंडया' लिहिलेल्या नोंदी सापडत नाहीत. संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. पहाटे उठून, चिखल तुडवून केलेली नोंद एका अक्षरापायी हरवते.

'भारव्दाज' हा त्याचाच भाऊ. 'द्व' या जोडाक्षरात व खाली लोंबतो, त्यामुळे आधी काय टाइप करायचं हे अनेकांना उमगत नाही. आधी द, त्याचा पाय मोडायचा, मग व. तोंडाने सावकाश 'भा-रद्-वाज' म्हणून पाहिलं तरी क्रम कळतो.

पानकावळा, पानकोंबडी, पानडुबी: तिन्ही चूक. हे पाण्यातले पक्षी, झाडाच्या पानांशी त्यांचा संबंध नाही. पाणकावळा, पाणकोंबडी, पाणडुबी. माळढोकला 'मालढोक' करू नका, तो माळावर राहतो. टिटवीची 'टि' पहिली.

आता इंग्रजी नावं. यातली एक चूक मला सगळ्यात जास्त छळते: आयोराचा 'लोरा'. इंग्रजीत हे नाव मोठ्या 'आय'ने सुरू होतं, आणि अनेक फॉन्टमध्ये मोठा 'आय' आणि लहान 'एल' अगदी सारखे दिसतात. एका पक्षिगणनेच्या याद्या एकत्र करायचं काम माझ्याकडे आलं होतं. तिथे 'कॉमन आयोरा' आणि 'कॉमन लोरा' असे दोन वेगळे पक्षी बसले होते, आणि एकूण प्रजातींची संख्या एकाने फुगली होती. एका उत्साही कार्यकर्त्याने तर लोरिकीट या पोपटाशी नाव जुळतं म्हणून लोराला पोपटांच्या गटात टाकलं होतं. प्रत्येक यादी लिहिणाऱ्याला फोन करून विचारावं लागलं. बहुतेकांनी पक्षी नीट पाहिला होता: पिवळाधमक, पंखांवर पांढरे पट्टे, लांब शीळ घालणारा. एकाने तर नर पिसं फुलवून, चेंडूसारखा गोल होऊन गिरक्या घेत खाली येताना पाहिला होता. इतकं सुंदर निरीक्षण, आणि नाव भलतंच. मराठीत त्याला सुभग म्हणतात. इंग्रजीची खात्री नसेल तर सरळ सुभग लिहा.

बाकीची नावं झटपट सांगतो. हुदहुदचं इंग्रजी नाव 'हूपू', 'हूपोए' नाही. तो 'हूप-हूप' असा ओरडतो, ते ऐकलंत की उच्चार विसरणार नाही. इबिस नाही, आयबिस. काउकल नाही, कूकल. ईग्रेट लिहिताना इंग्रजी कीबोर्ड त्याचं 'रिग्रेट' करतो, पाठवण्याआधी बघा. 'नॉट' या पक्ष्याच्या इंग्रजी नावातला के मुका, 'रायनेक'मधला डब्ल्यूही मुका. प्लव्हर आणि प्लोव्हर दोन्ही चालतात, त्यावरून भांडू नका.

माणसांच्या नावावरून पडलेली नावं अदबीने उच्चारावीत. 'सायकेस' नव्हे, साइक्स. कर्नल साइक्सने 1832 मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. आपल्या माळरानावरच्या एका चंडोलाला आणि एका रातव्याला त्याचं नाव आहे. पक्ष्यांचा अभ्यासक ब्लाइथ, त्याच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगला शेवटी 'ई' लावू नका.

माझी सवय सांगतो. नोंदवहीच्या मागच्या पानांवर मी नावं हाताने लिहून ठेवतो, मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी. मोबाइलवर लिहायची वेळ आली की तिथे बघून एकेक अक्षर टाइप करतो. बोलून टाइप करण्याची सोय पक्ष्यांच्या नावांसाठी वापरत नाही. माळढोकला 'जीआयबी' (ग्रेट इंडियन बस्टर्ड या इंग्रजी नावाची आद्याक्षरं) म्हणणंही मला पटत नाही. इतका दुर्मीळ झालेला पक्षी, त्याचं पूर्ण नाव घ्यायला कितीसा वेळ लागतो?

एक मात्र लक्षात ठेवा: गावातलं नाव ही चूक नसते. भारद्वाजाला कोणी सोनकावळा म्हणतं, कोणी कुक्कुडकोंबा. गुराखी किंवा कोळी असं नाव सांगत असतील तर त्यांना थांबवून पुस्तकातलं नाव शिकवू नका. त्यांनी उच्चारलं तसंच लिहून घ्या, आणि शेजारी गाव आणि तारीख टाका.