मार्चमधलं आइसलंड : थंडीचं सोडा, वारा बघा

आइसलंडला जायचं म्हटलं की जो तो थंडीची चौकशी करतो. थंडीचं विशेष काही नाही. मार्चमध्ये राजधानी रेक्याविकला पारा शून्याच्या आसपास घुटमळतो. आतून थर्मल, वरून वारा न शिरणारं जाकीट आणि तशीच पँट घातली की भागतं. छत्री मात्र घरीच ठेवा. तिथला खरा मालक वारा आहे आणि सगळा बेत त्याला विचारून ठरवायचा असतो.

मार्चच का? डिसेंबरात तिथे जेमतेम चार तास उजेड असतो, मार्चच्या मध्याला बारा. म्हणजे दिवसा गाडी हाकायला उजेड आणि रात्री उत्तरप्रकाशाला (नॉर्दर्न लाइट्सना) अंधार, दोन्ही मिळतं. शिवाय हिमनदीच्या पोटातल्या निळ्या गुहा साधारण मार्चअखेरपर्यंतच बघता येतात. त्यात वाटाड्याशिवाय पाऊल टाकू नका.

आमच्यात ताई गाडी चालवते आणि मी नकाशा सांभाळते. पहिल्याच दिवशी एका धबधब्यापाशी थांबलो. मी नेहमीसारखं दार उघडलं, तर ते हातातून निसटून पार पुढच्या बाजूला वळलं. बिजागरीचा 'कट्ट' असा आवाज आला. भाड्याच्या गाडीच्या विम्यात वाऱ्याने मोडलेलं दार बहुधा धरत नाहीत, हे मी कागदावर वाचलेलं होतं, पण हाताने वाचलेलं नव्हतं. पुढचे सगळे दिवस ते दार कुरकुरत राहिलं आणि ताई काही न बोलता माझ्याकडे बघत राहिली. तेव्हा गाडी लावताना तिचं नाक वाऱ्याकडे करा, म्हणजे दार उघडताना वारा ते उलट बंद करायला बघतो. दोन्ही हातांनी धरून उघडा. आणि दोघांनी एकदम आपापली दारं उघडू नका. आरपार वारा शिरला की मागच्या सीटवरचे कागद, टोप्या, वेफर्सची पाकिटं थेट समुद्रात.

हवामानखात्याची साइट वेदुर डॉट आयएस. तिथे वाऱ्याचा वेग मीटर प्रतिसेकंदात देतात, त्यामुळे आकडा लहान दिसतो आणि आपण फसतो. 3.6 ने गुणा. 15 म्हणजे ताशी 54 किलोमीटर, 25 म्हणजे 90. आमचा नियम असा : 15 च्या आत निघायचं, 15 ते 20 मध्ये जवळपास फिरायचं, 20 च्या वर मुक्कामाच्या ठिकाणी चहा. रस्त्यांसाठी उमफेर्दिन डॉट आयएस बघा, सकाळी आणि परत निघायच्या आधी. रस्ता बंद म्हणजे बंद. 'बघू जरा पुढे जाऊन' हा आपला स्वभाव तिथे चालत नाही. एफ अक्षराने सुरू होणारे डोंगरातले रस्ते तर हिवाळाभर बंदच असतात.

आठवड्याभरात देशाला वळसा घालणारा अख्खा रिंग रोड करायचा हट्ट या दिवसांत धरू नका. तो तेराशे किलोमीटरच्या वर आहे, आणि उत्तरेकडे एखादं वादळ आलं की तुम्ही अडकलात. दक्षिण किनारा पुरे. रेक्याविक ते वीक हे गाव साधारण 190 किलोमीटर, वीक ते योकुल्सार्लोन हे हिमनगांचं तळं आणखी तेवढंच. मधे एक दिवस कोरा ठेवा. आमचा तो दिवस वीकमध्येच खर्ची पडला, कारण रेक्याविककडे येताना लागणारा हेल्लिशेइदी घाट बंद होता.

पण वीक बसून बघण्यासारखं गाव आहे. मागे बर्फाच्या टोपीखाली कातला ज्वालामुखी. त्याचा शेवटचा मोठा उद्रेक 1918 चा. पुन्हा उसळला तर वितळलेल्या बर्फाचा पूर येणार, म्हणून गावकरी टेकडीवरच्या चर्चकडे पळायचा सराव करतात. असा पूर काय करतो ते पुढे स्काफ्ताफेल्लजवळ दिसतं : 1996 च्या पुराने मोडलेल्या पुलाच्या लोखंडी तुळया पिळलेल्या अवस्थेत तशाच ठेवल्या आहेत. वीकजवळच्या रेनिसफ्यारा किनाऱ्यावर समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नका. शांत दिसणाऱ्या पाण्यातून अचानक एखादी लाट लांबवर चढते आणि माणूस ओढून नेते. लाल दिवा लागला असेल तर किनाऱ्यावर उतरायचं नाही.

बुटांवर चढवायचे रबरी पट्ट्यांचे लोखंडी काटे घ्या. धबधब्याचे तुषार पायवाटेवर गोठतात आणि वाट काचेसारखी होते. सेल्यालान्सफोस्स धबधब्याच्या मागून जाणारी वाट याच कारणाने पुष्कळदा बंद असते.

रेक्यानेस द्वीपकल्पावर 2021 पासून पुन्हा उद्रेक सुरू झाले आणि नोव्हेंबर 2023 मध्ये ग्रिंदाविक गाव रिकामं करावं लागलं. त्या भागात जायचं तर सेफट्रॅव्हल डॉट आयएसवर त्या दिवशीची सूचना वाचा. वायूमुळे वाट बंद असू शकते. ताज्या लाव्ह्यावर पाय नको; वरचा पापुद्रा काळा आणि घट्ट दिसतो, आत धग असते.

उत्तरप्रकाशासाठी वेदुरवरच ढगांचा नकाशा असतो. त्यात हिरवा रंग म्हणजे ढग आणि पांढरा म्हणजे मोकळं आकाश. आम्ही पहिल्या रात्री उलटं वाचलं आणि दोन तास ढगाखाली कुडकुडलो.

पेट्रोलपंपावर बहुतेकदा माणूस नसतो, कार्डाचा पिन पाठ हवा. नळाच्या गरम पाण्याला सडक्या अंड्याचा वास येतो, तो गंधकाचा. चांदीची अंगठी काढून ठेवा, काळी पडते. प्यायला गार नळ थोडा वेळ सोडून घ्या. ते पाणी उत्तम असतं, बाटल्या विकत घेऊ नका.

विमान केफ्लाविकहून, रेक्याविकपासून साधारण 50 किलोमीटरवर. शेवटची रात्र शहरातच काढा आणि संध्याकाळी सार्वजनिक पोहण्याच्या तलावावर जा. आत उतरण्याआधी पोहण्याचा पोशाख न घालता, साबण लावून आंघोळ करणं सक्तीचं असतं. कुठे कुठे घासायचं ते भिंतीवरच्या चित्रात लाल रंगात दाखवलेलं असतं. ताई पाच मिनिटं त्या चित्रासमोर उभी राहिली, मग म्हणाली, "चल, इथे आपल्याला ओळखतंय कोण!" बाहेर गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बसलो. डोक्यावर भुरभुर बर्फ, पापण्यांवर थेंब गोठलेले. समोरच्या आजोबांनी कुठून आलात ते विचारलं नाही. आम्ही दक्षिणेकडून येतोय कळल्यावर एवढंच विचारलं, "घाटात किती मीटर होता?"

"अठरा," ताई म्हणाली.

त्यांनी मान डोलावली आणि कुंडाच्या कडेला डोकं टेकून डोळे मिटले.