आधी सुई, मग सुरी : स्तनाच्या गाठीबाबत या चुका टाळा

स्तनातील गाठीविषयी बोलताना उशिराची चर्चा नेहमी होते आणि उशीर होतो हे खरेच आहे. परंतु वेळेवर दवाखान्यात पोचलेल्या स्त्रीचेही नुकसान होते, आणि ते बहुधा तपासण्यांचा व उपचारांचा क्रम चुकल्यामुळे होते. भारतात २०२२ साली सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग नव्याने झाल्याचा अंदाज आहे. एवढ्या मोठ्या संख्येने आढळणाऱ्या आजारात पुढची चूक कोणती होणार, हे बऱ्याचदा आधीच सांगता येते.

पहिली चूक घरातच होते. आंघोळीच्या वेळी हाताला लागलेली गाठ दुखत नाही, म्हणून ती साधी असेल असे मानले जाते. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. पाळीच्या आधी दोन्ही स्तन जड होऊन दुखतात, ते बहुतेक वेळा कर्करोगामुळे नसते. कर्करोगाची गाठ मात्र सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. आरशासमोर उभे राहून दोन्ही हात डोक्यावर नेले की अशा गाठीमुळे कधी एका बाजूची त्वचा एखाद्या ठिकाणी आत खेचली जाऊन खळी पडते, स्तनाग्र आत ओढले जाते, किंवा कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागते. हात खाली असताना यातले काहीच लक्षात आलेले नसते. स्तनाग्रातून आपोआप येणारा रक्ताळ स्राव आणि काखेत लागणारी टणक गाठ यांनाही तेवढेच महत्त्व द्यावे. ‘आमच्या घराण्यात कुणाला नाही’ हे उत्तर या बाबतीत काहीच सिद्ध करत नाही, कारण बहुतेक रुग्णांच्या घराण्यात हा आजार आधी झालेला नसतो.

काही वेळा आजार दुसऱ्याच नावाने वावरतो. एकाच स्तनाग्रावरचा इसब महिनोन्‌महिने मलमाने बरा होत नसेल, तर तो इसब नसून त्वचेपर्यंत आलेला कर्करोग असू शकतो. स्तन लाल व गरम होऊन सुजला की गळू समजून प्रतिजैविके दिली जातात, आणि ते योग्यच आहे; चूक होते ती दोन आठवड्यांत उतार पडला नाही तरी तीच औषधे बदलून बदलून देत राहण्यात. अंगावर पाजणाऱ्या आईची गाठ ‘दुधाची’ म्हणून सोडून दिली जाते, वास्तविक सोनोग्राफी आणि सुईची तपासणी स्तनपान चालू असतानाही करता येते.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ साली झोपडवस्त्यांमधील दीड लाखांहून अधिक स्त्रियांवर एक दीर्घ अभ्यास सुरू केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केलेल्या गटात आजार आधीच्या टप्प्यावर सापडला, आणि पन्नाशीच्या पुढील स्त्रियांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. मॅमोग्राफीचे (स्तनाच्या क्ष-किरण तपासणीचे) यंत्र गावात नाही म्हणून तपासणीच टाळणाऱ्यांना हे कळायला हवे.

मॅमोग्राफीच्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओडरंट लावू नये, कारण त्यातील कण चित्रात चुन्याच्या बारीक ठिपक्यांसारखे दिसतात. जुन्या फिल्म असतील तर सोबत न्याव्यात. यापेक्षा मोठी चूक अहवाल हाती आल्यावर होते. गाठ हाताला स्पष्ट लागत असताना मॅमोग्राफी ‘नॉर्मल’ आली, म्हणून घरी परतणे धोक्याचे आहे. तरुण वयात स्तनाची ऊती दाट असते आणि तिच्यात गाठ लपून जाते. अशा वेळी सोनोग्राफी करून पुढे जावे. अहवालात ‘बायरॅड्स ४’ किंवा ‘५’ (कर्करोगाच्या संशयाची श्रेणी) असे लिहिलेले असेल, तर पुढची पायरी बायोप्सी, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा घेऊन तपासणे, हीच आहे, सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढणे ही नव्हे.

आता सर्वांत महागात पडणारी चूक. ‘सुई टोचली की कॅन्सर पसरतो’ हा समज इतका खोलवर रुजलेला आहे की सुईला नकार देणारी माणसे थेट गाठ काढून घ्यायला तयार होतात, आणि गावातला सर्जनही ‘लहानशी तर आहे’ म्हणून अर्ध्या तासात ती काढून देतो. जाड सुईने घेतलेल्या बायोप्सीमुळे आजार फैलावून आयुष्य कमी होते, असे दिसून आलेले नाही. उलट निदानाआधी गाठ काढली की ती कुठवर पसरली होती, कडा कर्करोगापासून मोकळ्या होत्या का, काखेची स्थिती काय होती, हे सारे धूसर होते, आणि बहुतेकदा दुसरी शस्त्रक्रिया अटळ ठरते. मी पाहिलेल्या एका प्रकरणात काढलेली गाठ औषधाच्या दुकानातून आणलेल्या प्लॅस्टिकच्या बरणीत, सलाईनच्या पाण्यात, तीन दिवस टेबलावर पडून होती. ती फॉर्मलिनमध्ये, म्हणजे ऊती टिकवणाऱ्या द्रावणात, ताबडतोब बुडवायला हवी होती. संप्रेरकांचे रिसेप्टर (संप्रेरकांना प्रतिसाद देणारी पेशींवरील प्रथिने) आणि हर-टू (पेशींची वाढ चालवणारे प्रथिन) यांच्या तपासणीसाठी ऊती फॉर्मलिनमध्ये किमान ६ आणि कमाल ७२ तास असावी लागते; त्या बाईंच्या बाबतीत ही तपासणी विश्वासार्हपणे करताच आली नाही.

या तपासणीवाचून उपचार ठरवणे म्हणजे पत्ता न लिहिता पत्र टाकण्यासारखे आहे. ईआर, पीआर (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे रिसेप्टर) आणि हर-टू ही तीन उत्तरे अहवालात नसतील, तर अहवाल अपुरा आहे असेच समजावे. हर-टूच्या पुढे ‘दोन अधिक’ असेल, तर ते ना होकार ना नकार. फिश नावाची पुढची चाचणी केल्यावरच निर्णय होतो. काड्यापेटीहून लहान अशा जाळीदार चौकटीत मेणात बसवलेला आपल्या ऊतीचा ब्लॉक प्रयोगशाळेकडून मागून घ्यावा. मोठ्या रुग्णालयात दुसरे मत घ्यायचे झाले, तर कागदापेक्षा तोच आधी मागितला जातो.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घ्यायचे असतील, तर मंजुरी उपचारांच्या आधीच मिळवावी लागते आणि बायोप्सीचा अहवाल लागतो. बाहेर पैसे भरून गाठ काढून आल्यावर हा खर्च योजनेतून परत मिळत नाही.

उपचारांतल्या चुका वेगळ्या जातीच्या आहेत. गाठ मोठी असेल किंवा काखेत आजार असेल, तर बऱ्याचदा आधी केमो देतात. ‘ऑपरेशन टाळताहेत’ अशी शंका नातेवाइकांनी घेऊ नये. मात्र केमोने गाठ पूर्ण विरघळू शकते, म्हणून ती जागा आधीच धातूच्या बारीक क्लिपने खुणावून घेतली आहे ना, हे विचारावे. सुरुवातीच्या अवस्थेत स्तन राखून केलेली शस्त्रक्रिया आणि नंतरचे रेडिएशन यांनी मिळणारे आयुष्य स्तन पूर्ण काढल्याइतकेच असते, हे वीस वर्षांच्या पाठपुराव्यातून सिद्ध झाले आहे. अट एकच, रेडिएशन पूर्ण घ्यायचे. ‘गाठ गेली, आता रोज शहरात कशाला जायचे’ म्हणून ते सोडणाऱ्या स्त्रिया या सौद्याचा अर्धा भागच पाळतात. आता हा कालावधी बऱ्याच जणींसाठी तीन आठवड्यांवर आला आहे, तेव्हा मुक्कामाची सोय आधीच करून ठेवावी.

केमोच्या काळात १००.४ अंश फॅरनहाइटवर ताप गेला, तर घरी क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहू नये. पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात आणि साधा जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो. रात्री दोन वाजताही रुग्णालय गाठावे. हर-टू पॉझिटिव्ह असल्यास दिले जाणारे ट्रास्टुझुमॅब साधारण वर्षभर चालते आणि त्या काळात दर तीन महिन्यांनी टूडी इको करून हृदय तपासायचे असते, ते टाळू नये.

संप्रेरकांचे रिसेप्टर पॉझिटिव्ह असल्यास दिली जाणारी टॅमॉक्सिफेन ही एक स्वस्त, लहानशी गोळी आहे आणि कदाचित म्हणूनच ती कुणी गांभीर्याने घेत नाही. ती किमान पाच वर्षे, काहींना दहा वर्षे घ्यावी लागते. अंग तापते, घाम सुटतो, चिडचिड होते. मग दुसऱ्याच वर्षी बाई परस्पर गोळी बंद करते आणि डॉक्टरांना ‘चालू आहे’ असे सांगते. त्रास सांगितला, तर मार्ग निघतो. मनाच्या आजारावरील फ्लुऑक्सेटिन आणि पॅरॉक्सेटिन ही औषधे टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करू शकतात, म्हणून कोणतेही नवे औषध सुरू होताना ही गोळी चालू असल्याचे स्पष्ट सांगावे. पाळी गेलेल्या स्त्रीला पुन्हा रक्तस्राव झाला किंवा एका पायाच्या पोटरीला सूज आली, तर लगेच दाखवावे.

आजार काही वर्षांनी हाडांत किंवा यकृतात पुन्हा दिसला, तर केवळ स्कॅन पाहून जुन्या फाईलवरून औषध सुरू करण्याची घाई होते. शक्य असेल तेव्हा नव्या जागेतून सुईने पुन्हा तुकडा घेऊन रिसेप्टर नव्याने तपासावेत, कारण पहिल्या गाठीचे उत्तर दुसऱ्या वेळी तसेच राहील याची खात्री नसते.