कोकरं खुराकाला (धान्य-पेंडीच्या खाद्याला) लावताय? आधी पहिले एकवीस दिवस सांभाळा

रब्बीची सुगी आवरत आली की सांगली जिल्ह्यात जत-आटपाडीकडे कोकरांचे सौदे वाढतात. ईदचा बाजार धरून बारा-पंधरा किलोची माडग्याळ नाहीतर दख्खनी जातीची कोकरं आणायची, तीन महिने बंदिस्त सांभाळायची आणि विकायची. धंदा चांगला आहे. पण दरवर्षी याच दिवसांत फोन येतात, "काल झपाटून खात होतं, सकाळी मेलेलं सापडलं." आणि मेलेलं कोकरू हमखास वाड्यातलं सगळ्यात टपोरं असतं.

गेल्या हंगामात अशाच एका वाड्यावर गेलो. गव्हाण चाटूनपुसून साफ. मेलेल्या कोकराची मान पाठीकडे ओढलेली. बाजूला दोन कोकरं दात करकर खात उभी, शेपटीखाली पातळ, आंबूस वासाची हगवण आणि त्यात मक्याचे कण. कोनाड्यात महागड्या ‘हर्बल’ टॉनिकच्या चार बाटल्या. चौथ्याच दिवशी अर्धा किलो भरडा सुरू केलेला आणि आंत्रविषाराची (आतड्यात जंतूंचं विष तयार होणाऱ्या रोगाची) लस टोचलेली नव्हती. टॉनिकच्या एका बाटलीच्या पैशात त्या सगळ्या कोकरांची लस झाली असती.

रानात पाला आणि भुसकट खाणाऱ्या कोकराच्या पोटातले जंतू चाऱ्याला सरावलेले असतात. त्यावर एकदम मका पडला की पोटात आम्ल झपाट्याने वाढतं, रवंथ थांबते, कोकरू लंगडू लागतं. तोच न पचलेला पिठूळ माल आतड्यात उतरला की आंत्रविषाराचे जंतू विष तयार करतात, आणि मग डॉक्टर पोहोचायच्या आत कोकरू जातं. दांडगं कोकरू दुसऱ्याचा वाटा खातं, म्हणून आधी तेच मरतं. गव्हाणीची लांबी कमी पडत असेल तर आजच वाढवा.

म्हणून खुराक असा चढवा. पहिले दोन-तीन दिवस फक्त कडबा कुट्टी, तुरीचं किंवा हरभऱ्याचं भुसकट आणि पाणी. मग कोकरामागे रोज 50 ग्रॅम खुराक, दर तिसऱ्या दिवशी 50 ग्रॅम वाढ. पंधरा किलोच्या कोकराला 300 ते 350 ग्रॅमवर थांबा, तेही दोन वेळांत विभागून, आणि आधी चारा टाकून. मका जाडा भरडा, पीठ करू नका. आंत्रविषाराची पहिली मात्रा कोकरू दोन दिवस स्थिरावलं की, दुसरी 15 दिवसांनी, डोस बाटलीवर लिहिलाय तेवढाच. दुसरी मात्रा होईपर्यंत पूर्ण खुराकावर नेऊ नका. एवढं एक पाळलं तरी निम्मी काळजी मिटते.

आता नैसर्गिक पूरकं. युरोपात वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविकं घालायला 2006 पासून बंदी आली, तेव्हापासून लसूण, ओवा, हळद, यीस्ट यांना भाव आला. यातलं जिवंत यीस्ट पोटातलं आम्ल आवरायला खरंच मदत करतं. ओव्यातलं थायमॉल जंतूंवर चालतं. पण यातलं काहीही चुकीच्या खुराकाला वाचवत नाही. घरचा लसूण एक-दोन पाकळ्या, चिमूटभर ओवा आणि हळद, एका कोकराला आठवड्यातून तीनदा, एवढं मी सांगतो. हा माझा अनुभवाचा अंदाज आहे, विद्यापीठाची मात्रा नव्हे. लसूण आणि कांद्याची चंगळ नको. चाळीतला सडका कांदा पोटभर घातला तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, लघवी काळपट लाल होते. गावठी बाभळीच्या वाळल्या शेंगा चैत्र-वैशाखात फुकट मिळतात. त्यातलं टॅनिन (तुरट द्रव्य) जंतांना आळा घालतं. रोज मूठभर द्या. वेड्या बाभळीच्या शेंगा मात्र गोड असतात, त्या बेतानेच. सुबाभूळ चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको.

100 किलो खुराक:
मका भरडा 45
शेंगदाणा पेंड 25
तूर किंवा हरभरा चुणी (डाळ करताना उरणारा चुरा) 15
गव्हाचा कोंडा 11
मेंढ्यांचं खनिज मिश्रण 2
कॅल्साइट (चुनखडीची भुकटी) 1
मीठ 1
वरून पहिले तीन आठवडे खाण्याचा सोडा 1 किलो, त्यानंतर सोडा बंद करून खाद्याच्या दर्जाचा नवसागर (अमोनियम क्लोराइड) अर्धा किलो. नर कोकरांची लघवी खड्यांनी तुंबते, त्यासाठी नवसागर.

गाईंचं खनिज मिश्रण किंवा कोंबडीखाद्य मेंढीला कधीच नको. त्यातलं तांबं मेंढीच्या यकृतात साठतं आणि एक दिवस कावीळ होऊन जनावर जातं. दुकानदार "सगळ्याला चालतं" म्हणाला तरी पिशवीवर ‘मेंढी’ शब्द शोधा.

इतर कामं:
नवीन कोकरं 21 दिवस वेगळी
शेण तपासून जंतनाशक
पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग) लस
बाह्य परजीवींसाठी फवारणी
दर पंधरवड्याला वजन

रोज सकाळी गव्हाणीआधी लेंड्या बघा. सुट्या, गोल पडत असतील तर खुराक पचतोय. चिकटून गोळा पडला की त्या दिवशी वाढ बंद, ढिलं झालं की खुराकच बंद, फक्त कुट्टी.

आणि सुगीचं खळं उघडं ठेवू नका. कोकरू धान्याच्या राशीत शिरलंच तर पोट फुगायची वाट बघू नका. धान्य काढून घ्या, पुढ्यात सुका कडबा टाका, डॉक्टरांना फोन करा. ते येईपर्यंत पंधरा किलोच्या कोकराला 10 ते 15 ग्रॅम खाण्याचा सोडा पाव लिटर पाण्यात, मान सरळ ठेवून, हळूहळू पाजा. कोकरू मान टाकून आडवं झालं असेल तर तोंडात काहीही ओतू नका, पाणी थेट फुप्फुसात जातं.