दुबईच्या बालवर्गात ‘हक अल लैला’ साजरी करताना

दुबईतल्या भारतीय शाळेत केजीचा वर्ग मिळालेली मराठी शिक्षिका मनाशी ईदची तयारी धरून येते. परंतु ईदला शाळा बंद असते आणि मुलांसोबत वर्गात साजरा होणारा सण निराळाच निघतो. तो म्हणजे इस्लामी (हिजरी) वर्षातल्या शाबान महिन्याच्या पंधराव्या रात्रीची ‘हक अल लैला’, म्हणजे ‘या रात्रीसाठी’. आपल्याकडे हीच रात्र शब-ए-बारात किंवा बडी रात म्हणून ओळखली जाते आणि तिच्यात नमाज, कबरस्तानातली जियारत (कबरींपाशी जाऊन केलेली प्रार्थना) व हलवा यांना महत्त्व असते. अमिरातीत मात्र ती मुलांची रात्र आहे. नवे कपडे घालून, कापडी पिशवी घेऊन मुले दारोदार गाणे म्हणत फिरतात आणि घरोघरी त्यांच्या पिशवीत सुकामेवा व गोळ्या पडतात. (स्थानिक बोलीत ‘हक’मधल्या ‘क’चा ‘ग’ होतो. मराठी कानांना तो उच्चार जरा अवघड जातो, म्हणून येथे लेखी अरबीला जवळचे रूप ठेवले आहे. वर्गात मात्र अरबी शिक्षिका म्हणतील तसेच म्हणावे.)

पहिल्या वर्षी मी अगोदरच भरून ठेवलेल्या पिशव्या रांगेने वाटल्या. मुलांनी त्या घेतल्या, आत डोकावून पाहिले आणि जागेवर जाऊन बसली. दहा मिनिटांत सण आटोपला आणि आठवडाभर बसवलेले गाणे कोणी गायलेच नाही, कारण गाण्यासाठी समोर दारच नव्हते. त्यानंतर सजावटीचा वेळ कमी करून तो दारे उभी करण्यात घालवायचा, असा नियम मी स्वतःसाठी केला.

आधी तारखेचे पाहावे. हिजरी वर्ष साधारण 354 दिवसांचे असल्याने हा सण दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतो: 2023 साली तो मार्चच्या सुरुवातीस होता, 2025 साली फेब्रुवारीच्या मध्यास. इस्लामी दिवस सूर्यास्ताला सुरू होत असल्यामुळे पंधरावी रात्र म्हणजे चौदा शाबानची संध्याकाळ, म्हणून शाळेतला कार्यक्रम चौदा शाबानच्या सकाळी ठेवावा. 2022 पासून शुक्रवारी अर्धी शाळा असते, त्यामुळे चौदा शाबान शुक्रवारी किंवा शनिवार-रविवारी आल्यास आधीचा गुरुवार बरा. महिना चंद्रदर्शनाने ठरत असल्याने शाबान सुरू झाल्यावरच पालकांना सर्क्युलर पाठवावे. तयारीला दोन आठवडे मिळतात आणि ते पुरतात.

या सर्क्युलरमध्ये गाण्याचा अर्थ आवर्जून द्यावा. ‘अतूना अल्ला यातीकुम, बैत मक्का यवद्दीकुम’ ही ओळ अमिरातीत लहानथोर सर्वांना पाठ असते. ‘आम्हाला द्या, अल्ला तुम्हाला देवो आणि मक्केच्या घरी नेवो’ असा तिचा आशय आहे, म्हणजे देणाऱ्याला यात्रा घडो असा हा आशीर्वाद. मूल घरी हे गुणगुणू लागल्यावर पालकांनी अर्थ विचारण्यापेक्षा तो आधीच सांगितलेला चांगला. काही मुस्लिम कुटुंबेही ही रात्र पाळत नाहीत, कारण तिला धर्मात आधार नाही असे त्यांचे मत असते. हिंदू वा ख्रिस्ती पालक तेवढे दूर राहतील आणि मुस्लिम पालक सगळे येतील, असे गृहीत धरणे चुकीचे ठरते. सहभाग ऐच्छिक ठेवावा आणि ज्यांना नको असेल त्या मुलांसाठी त्या वेळेत दुसरे काम तयार ठेवावे.

खाऊच्या बाबतीत कडक राहावे. परंपरेने पिशवीत अक्रोड, बदाम, शेंगदाणे असत, परंतु बऱ्याच शाळांत शेंगदाणे, बदाम, अक्रोड अशा दाण्यांना बंदी असते आणि चार-पाच वर्षांच्या मुलाच्या घशात अख्खा दाणा अडकण्याचा धोकाही असतो. घरून चिक्की किंवा तिळगूळ नेण्याचा मोह आपल्याला होतो. शेंगदाणा आणि तीळ हे दोन्ही ॲलर्जीचे पदार्थ असल्याने तो टाळावा. जेलीच्या गोळ्यांत बहुधा जनावरांपासून काढलेले जिलेटीन असते. ते हलाल आहे का हा एक प्रश्न आणि शाकाहारी मुलांना ते चालत नाही हा दुसरा, त्यामुळे जिलेटीन नसलेल्याच गोळ्या आणाव्यात. बी काढून उभा चिरलेला खजूर, बेदाण्याची छोटी खोकी, खोडरबर आणि स्टिकर एवढे पुष्कळ झाले. ॲलर्जीची यादी शाळेच्या नर्सकडून लेखी घ्यावी.

पिशवी मुलांनीच करावी. जुन्या ओढणीचे किंवा साडीचे कापड चालते. त्यावर लावायला कागदी पट्टीवर लाल, काळ्या व पांढऱ्या त्रिकोणांची ओळ मुलांकडून चिकटवून घ्यावी. हा ‘सदू’ या बेदुइन (वाळवंटातल्या भटक्या लोकांच्या) विणकामाचा नमुना असून 2011 साली युनेस्कोने अमिरातीच्या सदू विणकामाची तातडीने जतन करण्याच्या वारशात नोंद केली आहे. पूर्वी पिशवी गळ्यात अडकवीत, पण पळणाऱ्या मुलाच्या गळ्यात नाडी नको, म्हणून पिशवीचा बंद हातात धरण्याइतकाच ठेवावा.

आता दारे. फ्रिजच्या मोठ्या खोक्यांची चार दारे वर्गाच्या चार कोपऱ्यांत उभी करावीत. चोवीस मुलांच्या वर्गात बारा मुले घरमालक होतात, प्रत्येक दाराआड तीन. उरलेली बारा मुले तिघातिघांच्या टोळ्या करून फिरतात. दार ठोठवायचे, गाणे म्हणायचे, पिशवी उघडायची. आतला एकेक घरमालक टोळीतल्या एकेकाला एकच वस्तू देतो. पंधरा मिनिटांनी भूमिका बदलाव्यात. प्रत्येक मुलाला चार वस्तू म्हणजे एकूण शहाण्णव, वर दहा जास्त ठेवाव्यात. माझ्या वर्गातला एक मुलगा दारासमोर गाणेच विसरला आणि पिशवीचे तोंड दोन्ही हातांनी ताणून नुसता उभा राहिला. आतली मुलगी खजुराची पुडी हातात धरून वाट पाहत होती. शेवटी तिनेच दाराआडून पहिला शब्द सांगितला. अशा वेळी शिक्षिकेने मध्ये पडू नये. घरमालक होण्याची पाळी प्रत्येकाला मिळालीच पाहिजे, कारण हातातली वस्तू देताना मुलांची जी घालमेल होते ती घेताना होत नाही. भोंडल्यात ज्या घरी खिरापत असते त्या घरच्या मुलीचा रुबाब ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

चाल आणि उच्चार अरबी शिक्षिकेकडून शिकावेत. काही सहकारी या दिवसांत रोजा ठेवतात, त्यांना खाण्याचा आग्रह करू नये. एखाद्या अमिराती विद्यार्थ्याच्या आजीला बोलावता आले तर फारच छान. मात्र तिचा किंवा इतर पालकांचा फोटो परवानगीशिवाय काढणे येथे कायद्याने गुन्हा आहे, आणि शाळेच्या ग्रुपवर टाकणे तर दूरच.

कतारमधील ‘गरंगाओ’, कुवेतमधील ‘गर्गियान’ आणि बहारीनमधील ‘गर्गाऊन’ हेही असेच मुलांचे सण आहेत, पण ते रमजानच्या मध्यास येतात. रोज्यांचे दिवस असल्याने तेथे वेळ कमी धरावा आणि खाऊ वर्गात न उघडता घरी न्यायला सांगावे.

कार्यक्रमानंतर खोक्यांची दारे लगेच मोडू नयेत. आठवडाभर ती खेळाच्या कोपऱ्यात राहू द्यावीत. आमच्याकडे तिसऱ्याच दिवशी एका दारातून डोशाची विक्री सुरू झाली होती, आणि गिऱ्हाइके ‘अतूना’ म्हणूनच डोसा मागत होती.