विमच्या कोडमधले अलिखित संकेत नोंदवताना

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत पॅटर्न (ओतकामाचा नमुना) करणारा कारागीर बिडाच्या जॉबसाठी मापात साधारण एक टक्का वाढ धरतो, कारण थंड होताना धातू आकसतो. ही वाढ ड्रॉइंगवर लिहिलेली नसली आणि पॅटर्न नव्या माणसाच्या हाती गेला, तर जॉब बाद. विम या टेक्स्ट एडिटरच्या सी कोडमध्येही असे कुठेच न लिहिलेले संकेत बरेच आहेत. कोल्हापुरातल्या कॉलेजच्या मुलांना ओपन सोर्समध्ये पहिलं काम म्हणून ते नोंदवणं आम्ही आग्रहाने सुचवतो. याला नवीन फीचर लिहावं लागत नाही, पण कोड अगदी बारकाईने वाचावा लागतो.

सोर्स गिटने (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाने) उतरवून घ्या आणि एका वेळी एकच संकेत धरा. नावांचे संकेत सोपे आहेत, ते एका बैठकीत उरकतील: नॉर्मल मोडच्या कमांडची फंक्शन्स 'एनव्ही_'ने सुरू होतात, कोलनच्या कमांडची 'ईएक्स_'ने, ऑप्शनची ग्लोबल किंमत 'पी_'मध्ये आणि बफरपुरती (उघडलेल्या एका फाइलपुरती) 'बी_पी_'मध्ये असते. खरा वेळ द्यायचा तो आकड्यांच्या आणि मेमरीच्या संकेतांना.

कर्सरची जागा घ्या. ओळींची मोजणी 1 पासून होते, कॉलमची 0 पासून, आणि कॉलम म्हणजे अक्षर नव्हे, बाइट. इंग्रजी मजकुरावर चाचणी घेतली तर बाइट आणि अक्षर यांतला फरक दिसतच नाही, म्हणून चाचणीला आपलाच शब्द वापरा. 'कोल्हापूर' या शब्दाला विमचं बाइट मोजणारं 'एसटीआर-लेन' 27 देतं आणि चिन्हं मोजणारं 'एसटीआर-चार्स' 9, कारण यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइटचं. कर्सर 'को'वरून 'ल'वर नेला की आतला कॉलम 6 होतो, आणि खालच्या रूलरमध्ये (कर्सरची जागा दाखवणाऱ्या पट्टीत) बाइटचा आकडा 7 दिसतो, कारण तिथे मोजणी 1 पासून होते. नोंदीत हे दोन्ही आकडे लिहा. 'शून्यापासून मोजतात' एवढं लिहून वाचणाऱ्याचा गोंधळ मिटत नाही.

ऑप्शनच्या लोकल किमतीत -1 असेल, तर बऱ्याच ठिकाणी त्याचा अर्थ 'ग्लोबल किंमत वापरा' असा असतो. किती बदल मागे घेता येतील ते ठरवणाऱ्या 'अनडू-लेव्हल्स'ला मात्र त्यासाठी -123456 ठेवलाय. का? तिथे -1 ला स्वतःचा अर्थ आहे: अनडू पूर्ण बंद. हा 'का' नोंदीत आला नाही, तर पुढचा कुणीतरी तो विचित्र आकडा साफसफाई म्हणून काढून टाकेल.

सगळ्यात घातक संकेत 'एमएल_गेट'चा. ते फंक्शन ओळीचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) देतं, पण तो पुढच्या 'एमएल_गेट'पर्यंतच भरवशाचा. हा संकेत मोडला तरी बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही, कारण ओळी ज्यात साठवलेल्या असतात तो जुना ब्लॉक मेमरीत शाबूत असतो. पण ओळ नुकतीच बदललेली असेल, तर तिची प्रत वेगळ्या जागी असते. दुसरी ओळ मागताच ती ब्लॉकमध्ये लिहून ती जागा मोकळी केली जाते आणि हातात राहतो मेलेला पॉइंटर. उपाय: आधी 'विम_एसटीआर-सेव्ह'ने प्रत घ्या, काम झालं की 'विम_फ्री' करा. हे पडताळायला 'एसआरसी'मधल्या मेकफाइलमध्ये अ‍ॅड्रेस सॅनिटायझरची (मेमरीच्या चुका पकडणाऱ्या साधनाची) कॉमेंट केलेली ओळ उघडा, बिल्ड करा, संकेत मुद्दाम मोडा. मोडण्याआधी ती ओळ बदलायला विसरू नका.

संकेतामागचं कारण शोधायला गिट लॉग कॅपिटल एस पर्यायासह चालवा. दिलेला शब्द कुठल्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) आला-गेला ते कळतं. कुठली ओळ कुठल्या बदलात आली ते सांगणाऱ्या गिट ब्लेमला 'डब्ल्यू' द्या, नाहीतर नुसत्या इंडेंटच्या बदलावर अडकाल. विमच्या पॅचमध्ये 'प्रॉब्लेम' आणि 'सोल्यूशन' अशा ओळी असतात, त्यातली पहिली म्हणजे तुमचं उत्तर. गिटमधला हा इतिहास मागे 2004 पाशी संपतो. त्याआधीचं कारण सापडलं नाही तर अंदाज लिहू नका, फक्त वागणूक लिहा.

नोंद आधी मराठीत मांडा: संकेत काय, कुठे लागू, का, मोडल्यास काय होतं. हे चार वाक्यांत बसेना, तर अजून समजलेलं नाही असं धरा आणि पुन्हा कोडकडे जा. मग इंग्रजीत करा. एका फंक्शनपुरतं असेल तर त्याच्याच डोक्यावर कॉमेंट घाला, अनेक फाइलींत पसरलेलं असेल तर 'डेव्हलप' या हेल्प फाइलमध्ये. तिथे ओळ 78 कॉलमांची, टॅग दोन तारकांत, संदर्भ दोन उभ्या रेघांत. शेवटी टॅगची यादी बनवणारी 'हेल्पटॅग्ज' कमांड चालवा. ई154 हा एरर आला तर तुमचा टॅग आधीच कुठेतरी आहे: तिथली जुनी नोंद वाचा आणि शक्यतो तीच वाढवा.